बटेरांचे खाद्य आणि गावची ढेप

सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलांतील शेतकऱ्याला ढेप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील हा मुलूख कापसाचा. सरकीची ढेप येथे घरोघरी येते आणि पोळ्याच्या आदल्या दिवसांत बैलांच्या गव्हाणीत ती थोडी अधिकच पडते. कापसाबरोबर भुईमूग, तीळ, जवस, तूर व सोयाबीन ही पिकेही या भागाच्या ओळखीची आहेत. छिंदवाड्याचा मका तर राज्यात प्रसिद्धच आहे. २०२३ साली या दोन तहसिलांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शेतीचा हा पूर्वापार मेळ तसाच आहे. ज्या घरात बैलाला व गाईला ढेप घालण्याची सवय आहे, त्या घरात एखाद्याने बटेरपालन करावयाचे ठरविले, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न साहजिकच हा येतो की, महागडी सोयाबीनची ढेप विकत आणण्याऐवजी घरची किंवा गावच्या घाणीवरची ढेप या पक्ष्यांना का घालू नये?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. काही ढेपी चालतात, काही मर्यादेत चालतात आणि काहींनी पिल्ले मरतात.

प्रथम पक्ष्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. पाळावयाचा बटेर हा जपानी बटेर होय. हा पक्षी अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रातून १९७४ साली भारतात, बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणण्यात आला. तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या अनेक सुधारित जाती तयार केल्या आहेत. आपल्या शेतात, गवतात भुर्रकन उडून जाणारा लावा हा याचा भाऊबंद असला, तरी तो वन्य पक्षी आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तो पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. जपानी बटेराच्या बाबतीतही याच कायद्यावरून २०११ साली नव्या परवान्यांची अडचण उभी राहिली होती. ती पुढे दूर झाली. तरीसुद्धा पिल्ले घ्यावयाची ती सरकारी किंवा नोंदणीकृत उबवणी केंद्रातूनच घ्यावीत व पावती जपून ठेवावी, हे बरे.

बटेराला एवढे प्रथिन का लागते

अंड्यातून सतरा-अठरा दिवसांनी बाहेर आलेले बटेराचे पिल्लू सात ते आठ ग्रॅम वजनाचे असते. पाच आठवड्यांत ते सुमारे १८० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे जन्मवजनाच्या जवळजवळ चोवीसपट होते. सहा-सात आठवड्यांची मादी अंडी देऊ लागते आणि तिचे एकेक अंडे दहा ग्रॅमच्या आसपास भरते. हे अंडे दिसावयास लहान असले, तरी मादीच्या स्वतःच्या वजनाच्या मानाने ते पाच टक्क्यांहून अधिक आहे. कोंबडीचे अंडे तिच्या वजनाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. एवढ्या वेगाने मांस व अंडी तयार करावयाची, तर कच्चा मालही तसाच हवा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांनुसार वाढीच्या वयातील बटेराच्या खाद्यात २४ टक्के आणि अंडी देणाऱ्या पक्ष्याच्या खाद्यात २० टक्के प्रथिन असावे. आपल्याकडे पहिल्या तीन आठवड्यांत याहूनही अधिक, २७ टक्क्यांपर्यंत प्रथिन देण्याची शिफारस केली जाते. अंड्यांच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के पुरतात. म्हणून कोंबड्यांचे लेअर खाद्य आणून ते बटेराच्या पिल्लांना घालणे ही काटकसर ठरत नाही. पिल्ले जगतात, पण खुरटतात.

पोल्ट्रीच्या एकंदर खर्चात खाद्याचा वाटा साठ ते सत्तर टक्के असतो आणि खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनाचाच. हे प्रथिन आज प्रामुख्याने सोयाबीनच्या ढेपीतून येते. मध्य प्रदेश हे तर सोयाबीनचे राज्य. १९६० नंतरच्या दशकात जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने या पिकाचा येथे प्रसार केला आणि पाहता पाहता खरिपाचे चित्र बदलले. परंतु पीक दारात असले, म्हणजे ढेप स्वस्त असते असे नाही. २०२१ साली सोयाढेपीचे भाव वर्षभरात दुपटीहून अधिक वाढले आणि ऑगस्ट महिन्यात केंद्र शासनाला १२ लाख टन सोयाढेप परदेशातून आणण्यास परवानगी द्यावी लागली. मोठे कुक्कुटपालक अशा वेळी तोटा सोसून तग धरतात. दोनशे पक्षी पाळणाऱ्याचे भांडवल मात्र एका तुकडीतच संपते. दुसऱ्या ढेपींचा विचार करावयाचा तो या कारणासाठी.

वजनात प्रथिन, पण कोणते प्रथिन?

ढेपीतील प्रथिनाची टक्केवारी पाहून तिची किंमत ठरविण्याची आपली रीत आहे. ही रीत अपुरी आहे. प्रथिन ही एक वस्तू नव्हे. सुमारे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या जुळणीतून ते बनते आणि त्यांतील काही पक्ष्याला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात. सुताराकडे आऱ्यांची रास पडलेली असली, तरी तुंबे जितके असतील तितकीच चाके होतात. तसेच येथे घडते. पक्ष्यांच्या खाद्यात हा तुंबा बहुधा लायसिन किंवा मेथिओनिन या दोन अमिनो आम्लांपैकी एक असतो. सोयाबीनच्या ढेपीत लायसिन भरपूर आहे, मेथिओनिन थोडे कमी. तिळाच्या ढेपीचे नेमके याच्या उलट आहे. भुईमुगाच्या ढेपीत दोन्ही कमी.

हे आकड्यांनीच पाहावे. एक क्विंटल खाद्यात ५२ किलो मका, ४३ किलो सोयाढेप आणि ५ किलो तेल, खनिजे, मीठ व जीवनसत्त्वे घेतली आणि मक्यात ९ व ढेपीत ४५ टक्के प्रथिन धरले, तर एकूण प्रथिन २४ टक्के येते. लायसिन साधारण १.३० टक्के भरते. वाढत्या बटेराची गरज तेवढीच आहे.

आता सोयाढेप ४३ वरून २६ किलोवर आणली. तिच्या जागी १० किलो भुईमुगाची ढेप, ५ किलो तिळाची ढेप व मक्याच्या स्टार्च कारखान्यातून मिळणारे ३ किलो ग्लुटेन घातले. मका ५१ किलो ठेवला. प्रथिनाची बेरीज २४ टक्क्यांच्या किंचित वरच जाते. म्हणजे पहिल्या दृष्टीने खाद्य अधिक चांगले झाले. पण लायसिन मोजले, तर ते १.३० वरून १.०६ वर उतरलेले दिसते. पक्ष्याला प्रथिन मिळाले, पण त्याचा एक भाग त्याच्या उपयोगाचा राहिला नाही. उरलेले प्रथिन शरीरातून विष्ठेवाटे बाहेर पडते. खुराड्यात अमोनियाचा उग्र दर्प वाढतो, तो काही अंशी या वाया गेलेल्या प्रथिनाचाच असतो.

ही तूट भरून काढणे अवघड नाही. बाजारात लायसिन हायड्रोक्लोराइड नावाची भुकटी मिळते. तिच्यात सुमारे ७८ टक्के लायसिन असते. क्विंटलमागे ३०० ग्रॅम भुकटी मिसळली की, हिशेब पुन्हा जुळतो. मेथिओनिनच्या बाबतीत तर फायदाच आहे. केवळ मका व सोयाबीनच्या खाद्यात क्विंटलमागे सुमारे १४० ग्रॅम मेथिओनिन वरून घालावे लागते. तीळ व ग्लुटेन आल्यामुळे ते १०० ग्रॅमवर भागते. वरील सर्व आकडे सरासरीचे आहेत. प्रत्येक ढेप तपासल्यावर ते थोडे मागेपुढे होतील.

बटेराचे एक पिल्लू पाच आठवड्यांत सुमारे अर्धा किलो खाद्य खाते. तेव्हा एक क्विंटल खाद्य म्हणजे दोनशे पिल्लांची एक तुकडी, आणि वाचलेली सोयाढेप १७ किलो. त्या १७ किलोंच्या किमतीतून भुईमूग, तीळ, ग्लुटेन व लायसिन यांची किंमत वजा करून जे उरेल, तोच खरा लाभ. काही वर्षी तो चांगला असतो. काही वर्षी तिळाचे भाव असे चढतात की, लाभाच्या जागी तोटा दिसतो. अशा वर्षी सोयाढेपच घालावी. त्यात कमीपणा कसला?

सरकीच्या ढेपीचा मोह

या भागात सर्वांत सहज मिळणारी ढेप सरकीची. आणि नेमकी तीच बटेराला सर्वांत कमी मानवणारी आहे. ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही, कारण बैल आणि म्हशी ती पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या आहेत व धडधाकट आहेत.

सरकीच्या आत बारीक काळसर ठिपक्यांसारख्या ग्रंथी असतात. त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. कीड दूर ठेवण्यासाठी वनस्पतीने केलेली ही सोय आहे. गाई-बैलांच्या पोटातील पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते या गॉसिपॉलचा बराच भाग बांधून टाकून त्याची बाधा कमी करतात. पक्ष्याच्या पोटात हा कप्पाच नाही. गॉसिपॉल थेट रक्तात जाते, भूक मंदावते, वाढ खुंटते. शिवाय ते लायसिनला चिकटून बसते आणि आधीच कमी असलेले लायसिन आणखी निकामी करते. अंडी देणाऱ्या पक्ष्यांत त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. अंडी काही दिवस ठेवली की, आतील पिवळा बलक हिरवट-करडा पडतो. सरकीच्या तेलातील दुसऱ्या एका द्रव्यामुळे पांढऱ्या भागावर गुलाबी छटा येते. असे अंडे फोडून पाहणारे गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही.

यावर उपाय आहे. लोहाचे क्षार गॉसिपॉलला बांधून ठेवतात. त्यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ठरावीक प्रमाणात मिसळतात. साल काढलेल्या सरकीची, कारखान्यात तयार झालेली ढेप मिळाली, तिच्यातील मोकळ्या गॉसिपॉलचे प्रमाण माहीत असले आणि पशुवैद्यकाने हिराकसाचे माप सांगितले, तर मांसासाठी वाढविलेल्या पक्ष्यांच्या खाद्यात ती शेकडा पाचपर्यंत घालता येते. अंड्यांच्या पक्ष्यांना घालूच नये. गावात मिळणारी सालीसकटची ढेप मात्र यातही बसत नाही. तिच्यात प्रथिन वीस-बावीस टक्के आणि तितकाच चोथा. बटेराचे आतडे आखूड असते. चोथ्याने पोट भरते आणि पोषण मागे राहते. ती बैलालाच शोभते.

भुईमुगाची ढेप आणि बुरशी

भुईमुगाची ढेप पक्षी आवडीने खातात. तिच्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिन असते, चोथा थोडा असतो. लायसिनची भर घातली, तर शेकडा दहा ते पंधरापर्यंत ती निर्धास्त चालावी. पण 'निर्धास्त' हा शब्द कोरड्या ढेपीपुरताच खरा आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मरण पावले. रोगजंतू सापडेना. अखेर शोध ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या ढेपीपर्यंत पोचला. ओलसर ढेपीवर वाढणाऱ्या एका बुरशीने तिच्यात विष सोडले होते. त्या बुरशीच्या नावावरूनच या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष यकृतावर आघात करते. बदकाची व टर्कीची पिल्ले त्याला सर्वांत लवकर बळी पडतात. कोंबडी बरीच सोसते. बटेराचा क्रम मधला, म्हणजे जी ढेप शेजाऱ्याच्या कोंबड्यांना बाधली नाही, ती बटेराच्या पिल्लांना बाधू शकते.

अधिक वाईट गोष्ट अशी की, बुरशी दिसेनाशी झाली तरी विष राहते. ढेप उन्हात वाळवून, चाळून किंवा भाजून घेतली म्हणजे ती शुद्ध झाली, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वाळविण्याचा उपयोग बुरशी येण्यापूर्वी, नंतर नव्हे. ढेपीत ओलावा दहा टक्क्यांच्या आत असावा. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांना पुरेल एवढीच ढेप आणावी. कुबट वास येणारी, गाठी झालेली, तुकडा मोडल्यावर आत हिरवट-काळी झाक दिसणारी ढेप पक्ष्यांना घालू नये. ती गाईपुढेही टाकू नये. आपल्या घरी असे नेहमी होते की, कोंबड्यांसाठी वाईट ठरलेले खाद्य दुभत्या जनावराकडे जाते. या विषाचा एक अंश दुधात उतरतो आणि ते दूध घरातील लहान मुलाच्या वाटीत येते. असे पोते उकिरड्यावर गेले, तर नुकसान पोत्याएवढेच होते.

इतर ढेपी

तिळाच्या ढेपीचा उल्लेख वर आला आहे. मेथिओनिनसाठी ती उत्तम. मात्र तिळाच्या सालीत ऑक्झलेट व फायटेट असतात. ते चुना व जस्त अडवून धरतात, म्हणून शेकडा पाच ते दहाच्या पुढे जाऊ नये. सूर्यफुलाच्या ढेपीत विषारी द्रव्य कोणतेही नाही, हा तिचा मोठा गुण. चोथा मात्र फार. अर्धवट साल काढलेली मिळाल्यास वाढत्या पक्ष्यांना शेकडा दहापर्यंत घालावी.

जवसाची ढेप गाईच्या कातडीला चकाकी आणते, हे खरे. पण तिच्यात ब-६ जीवनसत्त्वाला निकामी करणारे द्रव्य आहे आणि तिचा बुळबुळीतपणा पिल्लांच्या चोचीला चिकटतो. शेकडा तीनपेक्षा अधिक नको. पिल्लांना तर टाळावीच. तुरीची चुनी हे प्रथिनाचे साधन नव्हे, भर आहे. मोहाची, एरंडीची, करंजाची व कडुलिंबाची ढेप ही खते आहेत. मोहाची ढेप तळ्यातील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ज्या टोपल्याने ही खते उचलली, ते टोपले खाद्याला लावू नये.

घरच्या सोयाबीनविषयी दोन शब्द. कच्चे सोयाबीन भरडून घालण्याचा प्रयोग अनेक जण करतात आणि पिल्ले का वाढत नाहीत म्हणून चकित होतात. कच्च्या दाण्यात प्रथिन पचविणाऱ्या पाचकरसाला रोखणारे द्रव्य असते. नुसते भिजवून ते जात नाही. त्यासाठी उष्णता हवी. कारखान्यातील ढेप तेल काढल्यावर वाफेने भाजलेली असते, म्हणून ती चालते. घरी दाणे भाजावयाचे, तर ते आतपर्यंत भाजले गेले पाहिजेत, पण करपता कामा नयेत. करपलेल्या दाण्यातील लायसिन पक्ष्याच्या कामी येत नाही. दाणे नीट भाजले गेले की नाही, हे युरिया व फिनॉल रेड यांच्या साध्या परीक्षेने कळते. कच्च्या दाण्यातील एक द्रव्य युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करते आणि द्रावण गर्द लाल होते. तालुक्याच्या विद्यालयातील विज्ञानाच्या शिक्षकांना ही परीक्षा विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल.

युरियावरून आणखी एक गोष्ट आठवते. हलक्या ढेपीत युरिया मिसळून तिचे प्रथिन कागदोपत्री वाढविण्याचा लबाड प्रकार चालतो. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्यावरून प्रथिन काढते. युरियातील नत्रही त्या बेरजेत येते. पक्ष्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणून नमुना तपासावयास देताना युरियाची तपासणी वेगळी मागावी. सौंसरकरांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. राज्यातील पशुवैद्यकीय विद्यापीठ जबलपूरला आहे.

बदल करावा, पण मोजून

खाद्यातील बदल एका दिवसात करू नये. चार-पाच दिवसांत जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे वाढवीत जावे. दाणे बारीक दळावेत. कोंबडीला चालणारा भरडा बटेराच्या पिल्लाच्या चोचीत मावत नाही आणि ते त्यातील मऊ तेवढे निवडून खाते. लायसिन, मेथिओनिन यांसारख्या ग्रॅममध्ये मोजावयाच्या वस्तू प्रथम दोन किलो मक्याच्या पिठात कालवून घ्याव्यात आणि मग ते पीठ सर्व खाद्यात मिसळावे. एरवी एका पिल्लाला सर्व मिळते आणि शंभरांना काहीच नाही.

खाद्य उतरले की नाही, याची खरी कसोटी तराजू. एकाच दिवशी निघालेली चाळीस पिल्ले घ्यावीत. वीस एका खणात जुन्या खाद्यावर, वीस दुसऱ्या खणात नव्या खाद्यावर ठेवावीत. ऊब, पाणी, जागा सारखी असावी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी, दोन्ही खणांतील सर्व पिल्ले एकत्र तोलून सरासरी वहीत लिहावी. किती खाद्य लागले तेही लिहावे. एक-दोन ग्रॅमचा फरक सोडून द्यावा. पाचव्या आठवड्यात दहा-पंधरा ग्रॅमची तूट दिसली, तर स्वस्त खाद्य महाग पडले असे समजावे आणि प्रथम लायसिनचे माप व ढेपीचा ओलावा तपासावा. अंडी देणाऱ्या माद्यांवर असाच प्रयोग करावयाचा, तर अंड्यांची संख्या, वजन आणि टवका जाऊन फुटलेली अंडी यांची नोंद किमान सहा आठवडे ठेवावी लागते. त्यांच्या खाद्यात चुना अडीच ते तीन टक्के पोचतो की नाही, हे आधी पाहावे, कारण कवच पातळ झाल्याचा दोष पुष्कळदा उगाच नव्या ढेपीच्या माथी मारला जातो.